तुझ्या नावाच्या आठ सह्या

सोमवार, ८ डिसेंबर २०२५
राजारामपुरी, कोल्हापूर

आक्का,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. कारणं नंतर.

१. ६ ऑक्टोबरला, सोमवारी, मी इथल्याच डॉ. सरनोबत यांच्याकडे गेले. त्या मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तक्रार: झोप येत नाही.

२. त्यांनी दोन औषधं दिली. एक सकाळी घ्यायचं, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. दुसरं झोपेचं, तोवरच्या रात्रींसाठी.

३. झोपेच्या गोळ्या त्या एका वेळी फक्त सात देतात. त्या पेशंटच्या हातात राहायच्या नाहीत, ही अट. त्याच घरात झोपणाऱ्या दुसऱ्या माणसाने कुलपात ठेवायच्या आणि रोज रात्री एक काढून द्यायची.

४. त्यासाठी एक कागद असतो. तो मी घरी आणला आणि त्यावर तुझं नाव लिहिलं. नातं: मोठी बहीण. पत्ता: पेशंटचाच. खाली तुझी सही केली आणि संध्याकाळी कागद दवाखान्यात नेऊन दिला.

५. त्यानंतर दर सोमवारी, मागच्या सात गोळ्या तू दिल्यास म्हणून त्याच कागदावर तुझी सही लागायची. २४ नोव्हेंबरपर्यंत अशा एकूण आठ सह्या मी केल्या.

६. ३० नोव्हेंबरला, रविवारी, हे मी स्वतः डॉक्टरांना सांगितलं.

७. तुला यातलं काही माहीत नव्हतं. तसं मी लिहून दिलं आहे. तुझ्यावर काही येत नाही.

वरचं सगळं खरं आहे. पुरतं नाही. आमच्या फौंड्रीच्या लॅबमध्ये अहवालात चूक सापडली तर ती व्हाइटनर लावून झाकायची नसते. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही आणि तारीख. या पत्रात मी तसंच करणार आहे. कुठे काय गाळलंय ते मला माहीत आहे. एका बैठकीत होणार नाही, म्हणून रोज थोडं लिहिते.

फोन न करता पत्र का, तर तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. ही तक्रार नाही. आमच्या लॅबमधल्या वसीमभाईंची सासुरवाडी गडहिंग्लजला आहे. ते शुक्रवारी जाणार आहेत, पत्र तुझ्या हातात देतील. त्यांना चहा विचार. ते नको म्हणतील, तरी दे.

आपण शेवटचं बोललो ते मागच्या वर्षी ११ मार्चला, आईच्या तेराव्याला. तू ताटाशी येऊन विचारलंस, "वाढू का?" मी म्हटलं, "नको." त्याच्या आधीचं बोलणं ऑगस्ट २०२३ मधलं, फोनवरचं. त्यावर नंतर येते.

तुझंच नाव का, असं तू विचारशील. कागद समोर घेऊन मी बराच वेळ बसले होते. एकाच घरात झोपणारं आणि रात्री मला औषध देणारं माणूस. बाबा गेल्यावर आई दवाखान्यात रात्रपाळी करायची, तेव्हा तापाचं औषध मला तूच पाजायचीस, नाक दाबून आणि दहापर्यंत मोजून. दुसरं नाव हाताला आलं नाही. तुझी सही मला येते. शेवटच्या अक्षराची शेपटी तू लांब ओढतेस आणि तिच्याखाली दोन टिंबं देतेस. पहिल्या सहीला मला सराव करावा लागला नाही.

आज एवढंच.

मंगळवार, ९ डिसेंबर

दुरुस्ती, क्रमांक १.

"तक्रार: झोप येत नाही" असं मी लिहिलं. तक्रार खरी होती, पण तेवढ्यासाठी मी गेले नव्हते. खरं म्हणजे मी गेलेच नव्हते. मला नेलं.

झोप जूनमध्ये गेली. जुलैत सरासरी तीन तास, सप्टेंबरात दोनच्या खाली. मी लिहून ठेवायची, म्हणून सांगता येतं. कामात चूक झाली नाही, एकही नाही, नंतर मी सगळे कागद तपासून पाहिले. आंघोळ, डबा, बस, भट्टीचे नमुने, अहवाल सगळं वेळच्या वेळी चालू होतं. फक्त ते कोण करतंय ते मला कळत नव्हतं.

आणि एक विचार सुरू झाला होता. शेजारच्या कुणाच्या तरी घरी पाण्याची मोटर चालू राहावी तसा. दिवसा फौंड्रीच्या आवाजात ऐकू येत नाही. रात्री तेवढीच ऐकू येते. उठून बंद करायला जावं तर ती कुणाच्या घरची तेच सापडत नाही. मी नसले तर बरं, असा तो विचार. हे आजवर तीन माणसांना सांगितलं. तू चौथी.

खंडेनवमीला लॅबमधल्या मशिनांना हळदकुंकू लावून झालं, झेंडू घालून झाले, पेढे वाटून झाले, आणि मी माझ्या कामाचा हँडओव्हर लिहायला घेतला. रजेवर जाताना आमच्याकडे तो द्यावा लागतो. कोणतं मशीन कधी तपासायचं, किल्ल्या कुठे, कुणाचा लॉट अडवून ठेवलाय. लोक अर्धं पान लिहितात. मी अकरा पानं लिहिली. मार्चपर्यंतच्या तारखा घातल्या. प्रत्येक किल्लीला नावाची चिठ्ठी बांधली. रजा मी मागितलेलीच नव्हती.

सहा तारखेला सकाळी तो वसीमभाईंच्या टेबलावर ठेवला. वसीमभाई स्पेक्ट्रोमीटर चालवतात, लोखंडात काय किती आहे ते सांगणारं मशीन. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आहेत आणि मला मॅडम म्हणतात. अकरा पानं त्यांनी उभ्या उभ्या वाचली. मग माझ्याकडे आले आणि शेवटच्या पानावरच्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"मॅडम, 'परत रुजू' कोरं हाय."

मी म्हटलं, राहून गेलं.

"तुमचं कधी काय राहून गेलंय?"

त्यांनी माझा आणि स्वतःचा गेटपास केला आणि कुणाचं तरी हेल्मेट मागून आणलं. उचगावातल्या फौंड्रीपासून राजारामपुरीपर्यंत मला गाडीवरून आणलं. दवाखान्याखाली थांबल्यावर म्हणाले की त्यांची बायको दोन वर्षं इथे यायची, आता तिचं बरं आहे. मी वर जावं, ते चहाच्या गाड्यावर बसतील. अडीच तास बसले. मी खाली आले तेव्हा त्यांनी गाड्यावाल्याकडून पिशवीत दोन केळी घेऊन ठेवली होती, ती दिली.

डॉक्टरांनी दहाव्या मिनिटाला सरळ विचारलं, "मरायचा विचार येतो का?" थंडीताप आहे का, असं विचारावं तसं. मी हो म्हटलं. किती वेळा, कोणत्या वेळी, काही ठरवलं आहे का, हेही विचारलं. मी खरं सांगितलं.

मग झोपेचं बोलणं झालं. त्या म्हणाल्या, आधी मन ताळ्यावर येऊ दे, झोप मागोमाग येईल, असं पुष्कळ जण म्हणतात, मी तेवढी वाट बघणार नाही. झोप परत आली की तो विचार जातोच असं नाही. काहींचा थोडा बोथट होतो. पण जागेपणीचे ते तास तरी कमी होतात, आणि वाईट असतात ते तेच तास. "थोडा" हा शब्द त्यांनी वापरला. मला त्या शब्दामुळे त्यांच्यावर विश्वास बसला. सगळं जाईल म्हणाल्या असत्या तर मी पुन्हा गेले नसते.

शेवटी त्यांनी विचारलं, घरी कोण असतं? दाखल करायचं की घरी पाठवायचं हे त्यावर ठरणार होतं. मी म्हटलं, मोठी बहीण.

म्हणजे त्यांनी मला माझ्या भरवशावर घरी सोडलं नव्हतं. तुझ्या भरवशावर सोडलं होतं.

बुधवार, १० डिसेंबर

दुरुस्ती, क्रमांक ५. ही मोठी आहे.

गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी नियम दिले होते. अंथरुणावर फक्त झोपायचं, पडून मोबाइल बघायचा नाही. झोप येत नसेल तर उठून खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत जायचं. सकाळी रोज सहाला उठायचं, रविवारीसुद्धा, रात्र कशीही गेली तरी. दुपारी आडवं व्हायचं नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. आणि सकाळी वहीत अंदाजाने लिहायचं, किती झोप झाली. वही दर सोमवारी दाखवायची.

सगळे नियम मी पाळले. घड्याळाचा सोडून. अंदाजाने लिहिणं मला जमत नाही. रात्री खुर्चीत बसून मी घड्याळ बघायची. डॉक्टर एकदा म्हणाल्या, "तुम्ही झोप मोजताय. ती मोजणारं माणूस जागं असतं." मी मान डोलावली आणि घड्याळ तसंच ठेवलं.

पहिले दोन आठवडे वही खरी होती. गोळी घेऊन साडेचार तास, कधी पाच. त्या दिवसांत विचार कमी झाला का? थोडा. डॉक्टरांचा शब्द बरोबर होता. एका सकाळी दूध उतू जायच्या आत मी गॅस बंद केला आणि मला ते केल्याचं कळलं. एवढंच, पण मी ते लिहून ठेवलं आहे.

मग दिवाळी आली. सोमवारी दिवाळी असूनही डॉक्टरांनी तासभर दवाखाना उघडला होता. मी सांगितलं, आक्का फराळाच्या गडबडीत आहे. त्या आधी तू कामावर होतीस, त्यानंतर नृसिंहवाडीला गेली होतीस. बहिणीला एकदा घेऊन या, असं त्या दर वेळी म्हणायच्या आणि मी दर वेळी तुला कुठे तरी पाठवायची. तुझा दिवस कसा जातो ते मी इतकं सविस्तर सांगायची की मला स्वतःला रात्री खालून भांड्यांचा आवाज आला की वाटायचं तूच आहेस.

दिवाळीनंतर काही रात्री मी गोळी घेतली नाही. डबा माझ्याकडे, कुलूप माझं, किल्ली माझीच. डबा लॅबमधला, हार्डनेसचं, म्हणजे कडकपणा मोजायचं, मशीन तपासायला जो प्रमाण ठोकळा असतो त्याचा, लाकडी. मुद्दाम चांगला डबा निवडला होता. वहीत मात्र पाच तास लिहिलं.

खोटी रीडिंग आम्ही कशी ओळखतो ते तुला सांगते. न मोजता, एका जागी बसून लिहिलेले आकडे फार सारखे असतात. खरे आकडे वरखाली होतात. म्हणून मी माझे आकडे वरखाली केले. मध्येच एक रात्र दोन तासांची दाखवली. पेनही बदललं. डॉक्टरांना संशय आला नाही. खोटं पकडायला जे शिकले ते मी खोटं टिकवायला वापरलं.

न घेतलेल्या गोळ्या डब्यात राहिल्या. कशासाठी, ते तुला कळलं असेल. त्याच्यापुढे मी लिहिणार नाही. ते डॉक्टरांना सगळं सांगून झालं आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार. रात्री दीड वाजला होता आणि डबा माझ्यासमोर टेबलावर होता. दारावर थाप पडली. शालूबाई, खाली राहतात त्या, माझ्या मालकीणबाई. सत्तरीच्या आहेत, गुडघे धरलेले. जिना चढून आल्या होत्या.

"अगं ए पोरी, महिनाभर बघालोय मी, रातभर लाईट जळतीया तुझी. काय कराल्यास एवढ्या रातीचं? कुठली परीक्षा हाय का?"

मी म्हटलं, झोप येत नाही. त्या विचारल्याशिवाय आत येऊन माझ्या खुर्चीत बसल्या, धाप लागली होती. मग त्यांनी डब्याकडे बघितलं. ह्यात काय, म्हणाल्या. गोळ्या, म्हटलं. कशाच्या, म्हणाल्या. मी सांगितलं. किती आहेत ते सांगितलं नाही, त्यांनी उघडून बघितलं. मग त्या डब्याकडे बघेनात, माझ्याकडेच बघत राहिल्या. त्या वेळात मला त्यांच्या घशातली घरघर ऐकू येत होती.

त्यांनी डबा पदरात घेतला आणि उठल्या.

"चल खाली. माझ्या खोलीत पड. झोप न्हाय आली तर न्हाय आली, मला बी येत न्हाय."

मी गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. कुणी तरी चल म्हटलं म्हणून. इतकी साधी गोष्ट असेल असं मला वाटलं नव्हतं. पण साधी ती नाहीच, कारण चल म्हणायला कुणी तरी जिना चढून वर यावं लागतं.

सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. अर्ध्या तासात त्यांनी दवाखाना उघडला. शालूबाई बरोबर होत्या. डॉक्टर रागावल्या नाहीत. उरलेल्या गोळ्या त्यांनी ठेवून घेतल्या. तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, तुमच्या लॅबमध्ये करतात तसं करा. आठ सह्यांवर मी आठ रेघा मारल्या आणि प्रत्येकीसमोर माझी सही केली. शेवटी त्या म्हणाल्या, चूक माझीही आहे, बहिणीला समोर बघितल्याशिवाय मी पुढे जायला नको होतं. त्यांनी असं म्हणायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी खालीच झोपते आणि गोळ्या शालूबाईंच्या कपाटात असतात, किल्ली त्यांच्या कमरेला. रात्री दहाला हातात एक गोळी, तांब्यात पाणी. गिळून झालं की, "तोंड उघड. जीभ वर कर." डॉक्टरांनी असं बघायला सांगितलंय का, मी विचारलं.

"डॉक्टर कशाला सांगतीया? म्हशीला गोळी घातली की बघावंच लागतंय. गालात धरतीया आन् मागनं थुकतीया."

मला हसू आलं. ३ डिसेंबर, रात्री दहा वाजून पाच मिनिटं. जूननंतरचं पहिलं.

वही आता खरी आहे. घड्याळ शालूबाईंच्या खोलीत बंदच पडलेलं आहे, त्यामुळे अंदाजाने लिहावं लागतं. गेल्या दहा रात्रींत चार तास, तीन, चार, पाच, असं. काल साधारण पाच. मोटर चालू आहे. पण लांबच्या गल्लीत.

गुरुवार, ११ डिसेंबर

शालूबाई सोमवारी इचलकरंजीला चालल्या आहेत. लेकीचे दिवस भरत आलेत, दोन महिने तिकडेच. गेल्या आठवड्यातच त्यांनी मला विचारलं, तुझं कोण हाय का न्हाय? मी म्हटलं, बहीण आहे. "मग तोंड शिवलंय व्हय तुझं?" म्हणाल्या. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

आता ऑगस्ट २०२३. ते वरच्या यादीत नाही, पण तुझी सही करताना दर वेळी तेच आठवायचं.

दाजी तेव्हा आमच्याच फौंड्रीत रात्रपाळीचे तपासणीस होते. ब्रेक ड्रमच्या कागदावर दोन सह्या लागतात, एक मोजणाऱ्याची, एक पडताळणाऱ्याची. पडताळायला गुंडूतात्या होते. त्यांची तब्येत बरी नसायची, ते मध्यरात्रीच घरी जायचे आणि त्यांची सही दाजी करायचे. कारखान्यात हे पुष्कळांना माहीत होतं. मला नव्हतं. बारा कागद माझ्या हातात आले, बारा सह्या एकमेकींसारख्या, अगदी हुबेहूब. मी दाजींशी बोलले नाही. तुमच्या घरी येऊन तुला विचारलं नाही. तशीच मॅनेजरांकडे गेले. गुंडूतात्यांच्या निवृत्तीला चार महिने होते म्हणून त्यांना ठेवलं. दाजींची नोकरी गेली.

तू फोन केलास. "तू माणूस बघितलंस का सही बघितलीस?" मी म्हटलं, "सही." तू फोन ठेवलास. पुढच्या महिन्यात तुम्ही गडहिंग्लजला गेलात.

ते उत्तर नियमाने बरोबर होतं. आजही मी कागद अडवलाच असता. पण मॅनेजरांच्या आधी मी दाजींकडे जायला हवं होतं. तेवढं मला कुठल्याही नियमाने मना केलं नव्हतं.

आणि तुला न सांगितलेली एक गोष्ट आहे. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी त्या लॉटमधले साठ ड्रम गोडाउनमधून काढून पुन्हा मोजले. साठच्या साठ मापात बसले. दाजींनी लिहिलेले आकडे आणि माझे आकडे जुळत होते. त्यांनी प्रत्येक नग खरोखर मोजला होता, एकट्याने, रात्रभर. मी मॅनेजरांना दाखवलं. विषय संपलाय, म्हणाले. मी कागद फाइलला लावला आणि गप्प बसले. लोक दाजींना काय म्हणाले ते मला माहीत आहे. खोटा माल पास करणारा, असं म्हणाले. ते खोटं आहे हे सिद्ध करणारा कागद सव्वादोन वर्षं माझ्या कपाटात होता. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ती दाजींना दे. मूळ कागदासह माझं लेखी म्हणणं मी काल नव्या मॅनेजरांना दिलं आहे. त्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

दाजींची सही खोटी होती, मोजमाप खरं होतं. माझ्या सह्या खोट्या आणि मोजमापही खोटं.

सातवीत मला गणितात बत्तीस पडले होते. आई रात्रपाळीवरून येऊन चहा न घेता तशीच झोपली होती. तू बारावीला होतीस. प्रगतिपुस्तकावर तिची सही तू केलीस, म्हणालीस, उठल्यावर कशाला तिला हे. सहामाहीपर्यंत रोज रात्री माझ्याकडून उदाहरणं सोडवून घेतलीस. तेव्हा ती सही कुणाची, हे मी बघितलं नव्हतं. माणूस बघितलं होतं.

आता विचारायचं ते विचारते.

डॉक्टर म्हणतात, अजून सात आठवडे तरी मी एकटीने राहायचं नाही. सकाळच्या औषधाचा गुण येतोय, पण तो अजून एकटा पुरणार नाही. मला तुझ्याकडे गडहिंग्लजला यायचं आहे. गोळ्या तू ठेवायच्या, रात्री एक द्यायची, सकाळी सहाला मला उठवायचं, दुपारी झोपू द्यायचं नाही. दर सोमवारी मी एसटीने येऊन डॉक्टरांना भेटेन. पहिल्या सोमवारी तू बरोबर यावंस असं त्यांचं म्हणणं आहे. कोणती लक्षणं दिसली तर कुणाला फोन करायचा, ते त्या तुला समजावतील. नंबर मागे लिहिला आहे. तो रात्रीही चालतो.

दाजींना विचार. हे पत्र त्यांना सगळं वाचू दे. घर त्यांचंही आहे. ते नाही म्हणाले तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

तू नाही म्हणालीस तर सोमवारी सकाळी मी रुग्णालयात दाखल होईन. खाट ठरली आहे, वसीमभाई सोडायला येतील, तिथल्या डॉक्टरांशी बोलणं झालं आहे. तेही उपचारच आहेत, शिक्षा नाही. हे मी अशासाठी लिहिते की पत्र धमकीसारखं वाचलं जाऊ नये. तुझ्या नाहीवर माझा जीव टांगलेला नाही. तसा तो राहू नये याची मी आणि डॉक्टरांनी मिळून व्यवस्था केली आहे.

पण दोन्हीतलं मला काय हवं, असं विचारलंस तर मला तुझ्याकडे यायचं आहे. पत्र सोमवारी सुरू केलं ते हे एक वाक्य लिहायला. आज गुरुवार आहे.

रजेचा अर्ज दिला. १५ डिसेंबरपासून. हँडओव्हर या वेळी अर्धं पान झाला. 'परत रुजू' या चौकटीत लिहिलं: सोमवार, २ फेब्रुवारी २०२६. वसीमभाईंनी ते वाचलं, पान उलटून मागे काही आहे का बघितलं, आणि दोन चहा सांगितले.

डॉक्टरांनी नवा कागद दिला आहे, तो पाकिटात आहे. नाव, नातं, पत्ता मी भरला आहे, पत्ता गडहिंग्लजचा. सहीची ओळ कोरी आहे. वसीमभाई रविवारी दुपारी परत निघतील. सही करायची असेल तर करून कागद त्यांच्याकडे दे. करायची नसेल तर तसाच दे, कोरा. पण परत पाठव.

रविवारी, १४ डिसेंबरला, संध्याकाळी सहापर्यंत मला कळव.

संयोगिता